एका लहान टॅनरीचा कचरा: काय परत मिळते आणि काय उरते

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळ आपल्या कुटुंबाचा बाभळीची साल आणि हिरडा वापरून म्हशीचे कातडे कमावण्याचा जुना व्यवसाय आहे आणि त्याच्या जोडीला दिवसाला एक टन कच्चे कातडे हाताळणारा क्रोम टॅनिंगचा, म्हणजे क्रोमियमच्या क्षाराने कातडे कमावण्याचा, विभाग आपल्याला सुरू करावयाचा आहे. एका यंत्रविक्रेत्याने ‘शून्य कचरा’ या नावाने एक संयंत्र देऊ केले असून सांडपाणी शेतीला, गाळ खताला आणि कातड्याचे तुकडे कोंबडीखाद्याला जातील, असे त्याचे म्हणणे आहे. हे खरे मानावे काय, आणि खरे नसेल तर टॅनरीच्या कचऱ्यापैकी प्रत्यक्षात कशाचा पुनर्वापर होतो, असे आपण विचारले आहे.

विक्रेत्याच्या तीन दाव्यांपैकी शेवटचे दोन सरळ नाकारावेत आणि पहिल्याबद्दल मिठाचा हिशेब मांडल्याखेरीज बोलू नये. क्रोम, चुन्याचे पाणी, केस, फ्लेशिंग (कातड्याच्या आतून खरवडलेले मांस व चरबी) आणि शेव्हिंग (कमावलेले कातडे सारख्या जाडीचे करताना निघणारा कीस) या सगळ्यांसाठी माहीत असलेल्या, अनेक ठिकाणी चालवलेल्या पद्धती आहेत. मात्र त्या चालतात त्या प्रत्येक पदार्थ जन्मल्या जागीच वेगळा धरला तर. एकदा सगळे पाणी एकाच गटारात गेले की त्यातून काहीही विकण्याजोगे किंवा पुन्हा वापरण्याजोगे काढता येत नाही, मग शेवटचे संयंत्र कितीही महाग असो. मिठाची गोष्ट याहून वेगळी आहे. वेगळे धरले तरी त्याला जायला जागा नसते, म्हणून या उत्तरात त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रथम प्रमाणाची कल्पना यावी. मीठ लावलेल्या एक टन कातड्यातून तयार चामडे साधारण २०० ते २५० किलो मिळते. उरलेले सगळे मांस, चरबी, केस, कातरणे, शेव्हिंग आणि पाण्यात विरघळलेली प्रथिने या रूपांत बाहेर पडते. त्यासाठी साधारणपणे ३० ते ४० हजार लिटर पाणी लागते. म्हणजे टॅनरी हा वजनाच्या हिशेबाने पाहिला तर मुख्यतः कचरा बनवणारा आणि थोडेसे चामडे बनवणारा कारखाना आहे. हे ऐकायला कडू असले तरी आखणी करताना याच दृष्टीने पाहिलेले बरे, कारण जागेचा, पाण्याचा आणि भांडवलाचा मोठा वाटा कातडी ज्यात फिरवतात त्या ड्रमपेक्षा ड्रमच्या बाहेर काय जाते यावरच ठरतो.

शेड बांधण्यापूर्वी आराखड्यात किमान चार स्वतंत्र गटारे दाखवावीत: भिजवणीचे खारट पाणी, चुना आणि सल्फाइडचे पाणी, क्रोमचे पाणी आणि उरलेले धुण्याचे व रंगाईचे पाणी. आपला बाभूळ-हिरड्याचा जुना विभाग हे पाचवे गटार समजावे. नंतर फरशी फोडून गटारे वेगळी करणे हे काम मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. ते कधीच पूर्ण होत नाही, कारण ड्रम एकदा बसला की त्याखालची फरशी फोडायला उत्पादन थांबवावे लागते आणि उत्पादन थांबवायला कोणी तयार नसते. चुन्याचा ड्रम आणि क्रोमचा ड्रम हे वेगळे असावेत आणि शक्यतो शेडच्या दोन टोकांना असावेत. एकाच ड्रममध्ये दोन्ही कामे करणारा कारखानदार झडपा फिरवून पाणी वेगळे वळवतो असे सांगतो. रात्रपाळीत ती झडप फिरवली जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते.

चुना आणि आम्ल यांची गटारे वेगळी ठेवण्याचे कारण केवळ पुनर्वापराचे नाही, जिवाचे आहे. केस काढण्यासाठी चुन्याबरोबर जे सोडियम सल्फाइड वापरतात, ते अल्कधर्मी पाण्यात शांत राहते. त्याच पाण्याला पिकलचे (क्रोम देण्याआधी कातडे ज्यात ठेवतात त्या मीठ-आम्लाचे) किंवा क्रोमचे आम्लधर्मी पाणी भेटले की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने हौदाच्या तळाशी साचतो. सुरुवातीला त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते आणि आत उतरलेल्या माणसाला धोका टळला असे वाटते. टॅनरीच्या हौदांत आणि गटारांत साफसफाईसाठी उतरलेल्या कामगारांचे मृत्यू बहुतेक वेळा याच वायूने होतात, आणि वर काढायला गेलेला दुसरा माणूसही त्यातच सापडतो. हौदाची रचनाच अशी करावी की त्यात माणसाला उतरावे लागणार नाही: तळाला उतार, एका कोपऱ्यात पंपाचा खड्डा आणि बाहेरून चालणारी यंत्रणा.

आता क्रोम. याबद्दल लोकांच्या मनात सर्वांत अधिक भीती असते, पण तंत्राच्या दृष्टीने टॅनरीतला हा सर्वांत सुटलेला प्रश्न आहे. साध्या पद्धतीने काम करताना पेल्टच्या म्हणजे केस व मांस काढलेल्या कातड्याच्या वजनावर सुमारे ८ टक्के बेसिक क्रोमियम सल्फेट देतात, म्हणजे एक टन पेल्टला ८० किलो. त्यातला साधारण ६० ते ७० टक्के भाग कातडे धरून ठेवते आणि उरलेला, तब्बल २५ ते ३० किलो, पाण्याबरोबर ड्रममधून बाहेर येतो. या वापरलेल्या पाण्यात क्रोमियमचे प्रमाण दर लिटरला काही ग्रॅम असते, आणि नदीत सोडावयाच्या पाण्यासाठी मर्यादा आहे दर लिटरला २ मिलिग्रॅम. ही दरी पाणी ओतून बुजवता येत नाही आणि बुजवायचीही नाही, कारण तो क्रोम आपण पैसे देऊन विकत घेतलेला असतो.

परत मिळवण्याची पद्धत लहान कारखान्यालाही झेपते. क्रोमचे पाणी जाळीतून गाळून तंतू आणि चरबी काढावी, झाकलेल्या हौदात साठवावे आणि ढवळत असताना त्यात मॅग्नेशियम ऑक्साइडचा पाण्यात कालवलेला लगदा हळूहळू घालावा. पीएच ८ ते ८.५ झाला की क्रोम हायड्रॉक्साइडच्या रूपात खाली बसू लागतो. काही तास, सोयीचे म्हणजे रात्रभर, स्थिर ठेवल्यावर वरचे निवळ पाणी काढून घ्यावे आणि खालच्या हिरवट गाळात सल्फ्युरिक आम्ल जपून घालून तो पुन्हा विरघळवावा. पीएच साधारण २.५ ते २.८ पर्यंत आणावा. तयार झालेले द्रावण नव्या क्रोमबरोबर वापरावे. सत्तर भाग नवा आणि तीस भाग परत मिळवलेला, या मिश्रणाने चामड्याच्या रंगात किंवा स्पर्शात ग्राहकाला जाणवेल असा फरक पडत नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने ही पद्धत भारतीय टॅनऱ्यांत रुजवण्यासाठी बरेच काम केले आहे आणि तमिळनाडूतल्या अनेक कारखान्यांत ती रोजच्या कामाचा भाग झाली आहे.

मॅग्नेशियम ऑक्साइडऐवजी कॉस्टिक सोडा किंवा चुना वापरला तर खर्च वाचेल, असे कोणी ना कोणी सुचवील. कॉस्टिकने गाळ फुगीर आणि पाणचट होतो व तो बसायला वेळ लागतो. शिवाय प्रमाण चुकून पीएच फार वर गेला तर बसलेला क्रोम पुन्हा विरघळू लागतो. चुन्याने आम्लाबरोबर जिप्सम तयार होते आणि ते नंतर क्रोमच्या द्रावणात घाण म्हणून राहते. मॅग्नेशियम ऑक्साइड महाग असले तरी ते जास्त पडले तरी पीएचला उधळू देत नाही आणि त्याचा गाळ घट्ट बसतो, म्हणून नवख्या माणसाच्या हातीही ते सुरक्षित आहे. गाळ मात्र आठवडेच्या आठवडे ठेवू नये. जुना झालेला गाळ आम्लात नीट विरघळत नाही.

यापेक्षाही चांगले म्हणजे मुळात कमी क्रोम बाहेर पडू देणे. ड्रममध्ये पाणी कमी ठेवणे, शेवटच्या टप्प्यात तापमान ४० अंशांच्या आसपास नेणे, पीएच सावकाश ४ च्या जवळ आणणे आणि ड्रम पुरेसा वेळ फिरवणे एवढ्यानेही कातडे अधिक क्रोम धरते. त्याला योग्य रसायनांची जोड दिली तर ९० टक्क्यांच्या वर जाता येते. पण तेवढे साधले तरी उरलेल्या पाण्यासाठी वसुलीचा हौद लागतोच, हे लक्षात असू द्यावे.

चुन्याच्या पाण्याचा पुनर्वापर याहून सोपा असूनही कमी होतो. केस विरघळू न देता मुळापासून सुटतील अशा रीतीने चुना आणि सल्फाइड दिले आणि ड्रमचे पाणी सतत जाळीतून फिरवत केस वेगळे काढले, तर तेच पाणी निवळून, त्यात थोडा चुना आणि सल्फाइड भरून पुन्हा पुन्हा वापरता येते. केस जाळून म्हणजे पूर्ण विरघळवून काढण्याच्या प्रचलित पद्धतीत त्यांची सगळी प्रथिने पाण्यात उतरतात आणि पुढच्या संयंत्रावरचा सीओडी (पाण्यातल्या घाणीला लागणाऱ्या प्राणवायूचे माप) व नत्राचा भार त्यामुळेच वाढतो. वेगळे काढलेले केस धुऊन कुजवले तर ते सावकाश नत्र देणारे खत होते आणि त्यात क्रोम नसतो. विक्रेत्याच्या ‘खता’पैकी एवढाच भाग मी मान्य करीन. शेवटी फेकावे लागणारे चुन्याचे पाणी मँगनीज सल्फेटच्या उपस्थितीत काही तास हवा फुंकून सल्फाइडमुक्त करावे आणि त्यानंतरच ते इतर पाण्यात मिसळू द्यावे.

घन कचऱ्यात क्रोमच्या आधीचा आणि क्रोमच्या नंतरचा अशी एक रेघ आखून ठेवावी आणि ती रेघ कधीही ओलांडू नये. आधीच्या बाजूला कच्ची कातरणे आणि फ्लेशिंग येते. कच्ची कातरणे जिलेटिन आणि कुत्र्यांच्या चघळण्याच्या वस्तू बनवणाऱ्यांकडे जातात. चुना लागलेले फ्लेशिंग सरस बनवणारे घेतात, त्यातली चरबी वितळवून साबणाकडे वळवता येते आणि बायोगॅसही करता येतो. तमिळनाडूतील मेलविशारमच्या सामायिक (अनेक टॅनऱ्यांचे पाणी एकत्र शुद्ध करणाऱ्या) केंद्रात फ्लेशिंग आणि प्राथमिक गाळ यांपासून बायोगॅस काढण्याचे संयंत्र उभारले गेले होते. ते तत्त्वतः चालते, परंतु चरबी आणि प्रथिनांमुळे पाचकात अमोनिया वाढतो, म्हणून भार हलका ठेवावा लागतो आणि शेणासारखे दुसरे काही मिसळावे लागते. दिवसाला एक टन कातड्याच्या कारखान्याने स्वतःचे बायोगॅस संयंत्र उभारू नये. फ्लेशिंग ताजे असतानाच सरसवाल्याला नियमित जाईल एवढी व्यवस्था पुरेशी आहे. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी ते कोणी घेत नाही आणि शेजारचे गाव तक्रार घेऊन येते.

रेघेच्या पलीकडे वेट ब्लूचे (क्रोमने कमावलेल्या ओल्या, निळसर कातड्याचे) शेव्हिंग, कातरणे आणि बफिंगची, म्हणजे घासून गुळगुळीत करण्याची, धूळ येते. शेव्हिंगमध्ये कोरड्या वजनावर साधारण ३ ते ४ टक्के क्रोम ऑक्साइड असते. त्याचा सर्वांत सरळ उपयोग लेदर बोर्ड: शेव्हिंग दळून, लेटेक्ससारखा बांधक घालून, दाबून पत्रे काढतात आणि ते पादत्राणांच्या आतल्या तळव्यांना व टाचांना वापरतात. दुसरा मार्ग म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड आणि विकर यांच्या साहाय्याने प्रथिने सोडवून घेणे. त्यातून जिलेटिनसारखे प्रथिन वेगळे निघते आणि क्रोमचा लगदा वेगळा उरतो. हे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत चांगले विकसित झालेले तंत्र आहे, पण त्याला मोठे प्रमाण लागते. आपल्यापुरते बोलायचे तर शेव्हिंग कोरडे, स्वच्छ आणि मीठ-चुना न लागलेले ठेवून बोर्डवाल्याला देणे हेच शहाणपणाचे.

कोंबडीखाद्याबद्दल मी थोडे कठोरपणे लिहितो. बांगलादेशात ढाक्याच्या हजारीबाग भागात टॅनऱ्यांचे क्रोमयुक्त तुकडे उकळून, वाळवून, दळून ते कोंबड्या आणि मासे यांच्या खाद्यात घालण्याचा धंदा वर्षानुवर्षे चालला आणि तिथल्या न्यायालयाला तो थांबवण्याचा आदेश द्यावा लागला. प्रथिने भरपूर आहेत, एवढ्यावरून ते खाद्य ठरत नाही. क्रोम त्याच्याबरोबरच जातो. आपण स्वतः हे केले नाही आणि तुकडे विकत घेणाऱ्याने केले, तरी नैतिक जबाबदारी आपल्याकडे येते. म्हणून क्रोमयुक्त कचरा कोणाला दिला, किती दिला आणि त्याने त्याचे काय केले याची नोंद असावी.

तितकाच धोकादायक दुसरा प्रकार म्हणजे शेव्हिंग वीटभट्टीत किंवा बॉयलरमध्ये जाळणे. चामड्यातला क्रोम त्रिसंयुजी असतो आणि तुलनेने निरुपद्रवी असतो. तो भरपूर हवा, उष्णता आणि चुन्यासारखा अल्क यांच्या सान्निध्यात जळला की षट्‌संयुजी क्रोम तयार होतो. तो पाण्यात विरघळतो, विषारी आहे आणि कर्करोगकारक आहे. म्हणजे घरातल्या कचऱ्यासारखी काडी लावून आपण एका सांभाळता येण्याजोग्या पदार्थाचे न सांभाळता येण्याजोग्या पदार्थात रूपांतर करतो. सांडपाण्यात षट्‌संयुजी क्रोमची मर्यादा दर लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे आणि युरोपीय संघाने मे २०१५ पासून कातडीला लागणाऱ्या चामड्याच्या वस्तूंत किलोमागे ३ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. यावरून त्याबद्दलची सावधगिरी कळून येईल.

आता मिठाकडे येऊ. कातडे टिकवण्यासाठी ताज्या वजनाच्या सुमारे ४० टक्के मीठ लावतात. त्यातले काही गळून जाते, पण टॅनरीत येणाऱ्या एक टन कातड्यात मिठाचा वाटा दीडशे किलोपेक्षा जास्त असतो. पिकलच्या वेळी पेल्टच्या वजनावर आणखी ८ टक्क्यांच्या आसपास मीठ द्यावे लागते, म्हणजे आणखी ८० किलो. एकूण सुमारे २३० किलो मीठ रोज पाण्यात उतरते. प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात विद्राव्य घन पदार्थांची, म्हणजे टीडीएसची, मर्यादा सामान्यतः दर लिटरला २१०० मिलिग्रॅम असते. त्या मर्यादेत केवळ हे मीठ बसवायचे म्हटले, तर रोज सुमारे १ लाख १० हजार लिटर पूर्णतः गोडे पाणी लागेल, आणि यात सल्फेट, चुना व इतर क्षार अजून धरलेलेच नाहीत. जीवाणू मीठ खात नाहीत, तुरटीने ते बसत नाही आणि वाळूच्या गाळणीतून ते सरळ निघून जाते. विक्रेत्याच्या पत्रकात सीओडी, बीओडी (जीवाणूंना घाण पचवायला लागणाऱ्या प्राणवायूचे माप) आणि क्रोम यांचे आकडे असतील. टीडीएसचा आकडा आत येताना किती आणि बाहेर पडताना किती, एवढाच प्रश्न त्याला विचारावा.

शेतीला पाणी देण्याचा दावा इथेच कोसळतो. शिरोळ, मिरज, वाळवा या भागांतली क्षारपड जमीन आपण पाहिली असेलच. उसाला वर्षानुवर्षे अतिरिक्त पाणी देऊन आणि निचरा न राहिल्याने जिथे एवढी जमीन नापीक झाली, तिथे टॅनरीचे सोडियमयुक्त पाणी सोडणे म्हणजे तेच काम काही हंगामांत उरकणे. सोडियम काळ्या मातीची घडण मोडतो, माती ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी होते आणि पाणी मुरेनासे होते. क्रोम शून्यावर आणला तरी हे टळत नाही. कानपूरच्या जाजमऊ येथे १९९४ मध्ये सुरू झालेल्या, दिवसाला ३ कोटी ६० लाख लिटर क्षमतेच्या संयंत्रात टॅनऱ्यांचे ९० लाख लिटर पाणी शहराच्या तिप्पट मैल्यात मिसळून शुद्ध करण्याची आणि मग आसपासच्या गावांच्या शेतीला देण्याची योजना होती. त्या पाण्यातून शेतात गेलेले क्षार आणि क्रोम यांबद्दल त्या गावांच्या तक्रारी आजवर मिटलेल्या नाहीत.

मिठावरचा खरा उपाय संयंत्राच्या दारात नसून कातडे टॅनरीत शिरते त्या दारात आहे. कातडे भिजवण्यापूर्वी लाकडी चौकटीवर आपटून किंवा जाळीच्या ड्रममध्ये फिरवून सुटे मीठ झाडून घ्यावे. काम कंटाळवाणे आहे, पण त्याला वीज, रसायन किंवा अभियंता लागत नाही. झाडलेले मीठ घाण असते. पाण्यात विरघळवून, निवळवून, गाळून ते पिकलसाठी वापरता येते. पिकलचे पाणीही गाळून, त्यातले आम्ल आणि मीठ भरून पुढच्या घाण्याला वापरावे. सर्वांत चांगला पर्याय कातडे जवळच्या कत्तलखान्यातून ताजे किंवा थंड करून आणण्याचा आहे. कोल्हापूरसारख्या ठिकाणी लहान प्रमाणावर तो जमू शकतो आणि तो जमला तर मिठाचा निम्म्याहून जास्त प्रश्न जन्मतच नाही.

एवढे करून उरलेल्या खारट पाण्यासाठी दोन मार्ग सांगितले जातात. पहिला उथळ वाफ्यांत उन्हावर आटवण्याचा. वेल्लोर जिल्ह्यासारख्या कोरड्या भागात तो पुष्कळ वापरला गेला, पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस वाफे भरत राहतो, त्यामुळे चार महिन्यांचे पाणी साठवण्याएवढी जागा असेल तरच तो विचारात घ्यावा. दुसरा मार्ग आरओ आणि त्यानंतर बहुस्तरीय बाष्पीभवन. तमिळनाडूतील सामायिक केंद्रांनी तो स्वीकारला. पालार नदीच्या खोऱ्यातील प्रदूषणावरून सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९९६ रोजी वेल्लोर नागरिक कल्याण मंचाच्या याचिकेवर जो निकाल दिला, ज्यात प्रदूषकाने भरपाई द्यावी हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचे स्पष्ट केले, त्याच्यामागचे सारे दडपण या यंत्रणेमागे उभे आहे. पाणी परत मिळते, हे खरे. पण शेवटी सोडियम क्लोराइड, सल्फेट आणि सेंद्रिय घाण यांचे मिश्रण पोत्यांत भरून शेडमध्ये रचून ठेवावे लागते, कारण त्याला गिऱ्हाईक नाही आणि ते उघड्यावर टाकता येत नाही. वाफेच्या इंधनाचा खर्चही एकट्या लहान कारखान्याला परवडत नाही.

मुख्य संयंत्राबद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण ते काम कोणताही बरा अभियंता करतो: चाळणी, समीकरण हौद (सगळे पाणी मिसळून एकसारखे करणारा), तुरटी आणि चुना, प्राथमिक निवळण, दीर्घकालीन वातन (जीवाणूंना हवा देणे), दुय्यम निवळण, गाळासाठी फिल्टर प्रेस. एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. जीवाणू बऱ्यापैकी खारट पाण्यातही काम करायला सरावतात. आज खारट आणि उद्या गोडे हा बदल त्यांना सोसत नाही. म्हणून समीकरण हौद किमान एक दिवसाच्या पाण्याएवढा तरी असावा. काटकसर करताना लोक नेमका हाच हौद लहान करतात.

प्राथमिक निवळणाचा गाळ, क्रोम कितीही वसूल केला तरी, क्रोमयुक्त असतोच. २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली त्याला स्वतंत्र परवानगी लागते आणि तो शास्त्रीय भरावक्षेत्रात जावा लागतो. आपल्या बाजूला सोयीचे म्हणजे पुणे जिल्ह्यातील रांजणगावचे. वाहतूक आणि विल्हेवाट यांचा दर टनामागे असतो, म्हणून फिल्टर प्रेसमधून गाळ जितका कोरडा निघेल तितके बिल कमी. तो आवारात साठवून ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. ३१ जानेवारी २०१५ रोजी राणीपेटच्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीत सामायिक केंद्राच्या गाळाच्या टाकीची भिंत कोसळली आणि तिथल्या टॅनरीत झोपलेले दहा कामगार गाळाखाली मेले.

आपल्या जुन्या बाभूळ-हिरड्याच्या विभागाला आपण बहुधा निरुपद्रवी समजत असाल. त्यात क्रोम नाही आणि पिकलचे मीठही नाही, हा मोठा फायदा आहे. पण टॅनिनचे (सालीतल्या कातडे कमावणाऱ्या द्रव्याचे) गडद पाणी जीवाणूंना जड जाते आणि त्याचा सीओडी बराच असतो. हौदातला रस फेकून न देता जुन्या रसातून नव्या रसाकडे कातडे सरकवत नेले, तर टॅनिन कातड्यातच मुरते आणि फेकायचे पाणी कमी होते. कातड्याच्या पिशव्या शिवून त्यांत रस भरण्याच्या कोल्हापुरी पद्धतीत गळलेला रस खाली धरून पुन्हा वर ओततात. त्यात हा विचार पूर्वीपासून आहे. या पाण्यावर फेरस सल्फेट कधीही वापरू नये. लोह आणि टॅनिन एकत्र आले की पाणी शाईसारखे निळे-काळे होते आणि ते निवळता निवळत नाही; तुरटी किंवा चुना वापरावा. उरलेली साल वाळवून सरपण म्हणून जाते. मात्र क्रोमच्या पाण्याचा एकही थेंब या बाजूला आला तर ती साल आणि तिची राख दोन्ही संशयास्पद ठरतात.

हे सारे विचारात घेऊन माझा सल्ला असा आहे की दिवसाला एक टन क्षमतेचा, कच्च्या कातड्यापासून सुरू होणारा क्रोम विभाग आपण उभारू नये. ज्या गिऱ्हाइकाला क्रोमचे चामडे हवे आहे त्याच्यासाठी चेन्नई किंवा कोलकात्याहून तयार वेट ब्लू आणावे आणि रंगाई, चरबी देणे व फिनिशिंग आपल्याकडे करावे. यात मीठ, सल्फाइड, फ्लेशिंग आणि क्रोमचे बहुतेक पाणी आपल्या दारात येतच नाही. शेव्हिंगचा कचरा आणि रीटॅनिंगचे, म्हणजे पुन्हा कमावण्याचे, हलके क्रोम असलेले पाणी मात्र राहते आणि त्यासाठी वर सांगितलेले क्रोमचे स्वतंत्र गटार व लहान हौद ठेवावेच लागतात. घाण दुसऱ्याच्या गावी ढकलली, असा आक्षेप यावर घेता येईल. तो अर्धा खरा आहे. म्हणून ज्याच्याकडून वेट ब्लू घ्याल त्याचे पाणी चालू सामायिक केंद्राला जोडलेले आहे का, हे संमतीपत्र मागून आणि शक्य तर जाऊन पाहावे. कोलकात्याच्या टॅनऱ्या १९९६ च्या आदेशानंतर टांगरा, तिलजला आणि तोपसिया भागांतून बानतला येथे हलवल्या गेल्या, त्यामागे हाच एकत्रित प्रक्रियेचा हेतू होता.

तरीही कच्च्या कातड्यापासूनच काम करायचे ठरले, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे उभारणीची संमती मागण्याआधी तीन कागद तयार करावेत: रोजच्या मिठाचा आत-बाहेर हिशेब, पाचही गटारांचा नकाशा आणि गाळ, शेव्हिंग व फ्लेशिंग घेणाऱ्यांची लेखी संमती. टॅनरी लाल, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणकारी उद्योगांच्या, वर्गात मोडत असल्याने हे प्रश्न तिथे येणारच आहेत. विक्रेत्याने देऊ केलेल्या संयंत्राची किंमत या तीन कागदांनंतर मागावी, कारण त्याचा आकार त्यांवरूनच ठरेल आणि बहुधा त्याने सांगितला त्याहून पुष्कळ वेगळा निघेल.